घरी कुत्रा आहे आणि लॉनमध्ये तण माजलंय? या चुका टाळा

पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की नागपुरात घरोघरी तेच दिसतं, मे महिन्यात करपून गेलेलं लॉन हिरवं होतं खरं पण जवळ जाऊन पाहिलं तर अर्धं गवत आणि अर्धं तण, नागरमोथा, गाजर गवत, तरोटा, दुधी, एकदांडी, कुंपणाच्या कडेला आघाडा. मग कोणीतरी सांगतं की कृषी केंद्रातून औषध आणा आणि मारून टाका, एका दिवसाचं काम आहे. पण ज्या घरचा लॅब किंवा इंडी (देशी) कुत्रा दिवसभर त्याच गवतावर लोळतो, मधेच गवत चावतो, तिथे हे एका दिवसाचं काम नाहीच. आपण चपला घालून फिरतो, तो अनवाणी फिरतो आणि मग तेच पंजे चाटत बसतो. म्हणून लॉनवर काहीही टाकायच्या आधी एकच विचारायचं, हे त्याच्या तोंडात गेलं तर काय होईल.

बिनलेबलच्या बाटलीतलं औषध मारू देणं

माझ्या मते सगळ्यात धोक्याची चूक हीच. माळी गावाकडून पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत थोडंसं "तणनाशक" घेऊन येतो, पंपात ओततो आणि फवारून मोकळा होतो, आणि ते नेमकं काय होतं हे त्यालाही माहीत नसतं. आता तणनाशक म्हणून जे विकलं जातं त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पॅराक्वाट असेल तर त्यावर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही, माणसासाठीही नाही आणि कुत्र्यासाठीही नाही, थोडंसं पोटात गेलं तरी आधी तोंडात फोड येतात आणि मग काही दिवसांत फुफ्फुसं निकामी होत जातात. कुत्रा असलेल्या घराच्या आवारात पॅराक्वाट येताच कामा नये, अगदी शेडमध्ये ठेवायलाही नाही. 2,4-डी असेल तर ते रुंद पानाचं तण मारतं आणि गवत सोडतं म्हणून लॉनवाल्यांना आवडतं, पण कुत्र्याच्या किडन्या हे औषध माणसाच्या मानाने फार हळू बाहेर टाकतात, त्यामुळे आपल्याला जे फारसं लागत नाही ते त्याला लागतं. त्यातलं एस्टर प्रकारचं असेल तर आपल्या उन्हात त्याची वाफ होऊन शेजारच्यांच्या गुलाबाची आणि टोमॅटोची पानं वाकडी होतात ते वेगळंच, कपाशी तर त्याला इतकी नाजूक आहे की विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि ग्लायफोसेट. याबाबत दोन गैरसमज आहेत. एक, ते लॉनमधलं फक्त तण मारेल. नाही मारत, ज्या हिरव्या पानावर पडेल ते सगळं वाळवतं, तुमचं सिलेक्शन वन हे लॉनचं गवतसुद्धा. दुसरं, ते कोणीही आणून कुठेही मारावं. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करायचा असं बंधन घातलं. ही औषधं हलक्यात घ्यायची नसतात हे आपल्याकडे कोणाला पटवायची गरज नसावी, 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती, मान्य, पण बेपर्वाई तीच.

डब्यावरचा हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होऊ नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम जास्त विषारीपासून कमी विषारीपर्यंतचा आहे, त्यामुळे हिरवा म्हणजे "कमी", "अजिबात नाही" असं नाही. शिवाय ते मोजमाप एका वेळच्या मात्रेवरून ठरतं, रोज त्याच गवतावर झोपणाऱ्या कुत्र्याचा हिशोब त्यात धरलेला नसतो.

"दोन तास झाले, सुकलं असेल, सोडा त्याला"

मे महिन्यात कदाचित सुकेलही पण तेव्हा कोणी फवारत नाही, फवारणी होते जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा दोरीवरचे कपडे दोन दिवस सुकत नाहीत. पान ओलं आहे तोवर औषध पंजाला लागणार. लेबलवर जेवढा वेळ लिहिला असेल तो कमीत कमी समजा आणि पावसाळी दमट दिवसांत निदान दोन दिवस कुत्र्याला त्या बाजूला सोडू नका. मधे पाऊस पडला तर औषध वाहून खड्ड्यातल्या पाण्यात जातं आणि कुत्री असंच साचलेलं पाणी पितात, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. फवारणीआधी बाहेरचा पाण्याचा वाडगा, जेवणाची ताटली, बॉल, चावायचं हाड सगळं उचलून आत घ्या. फवारणीनंतर कापलेलं गवत ढीग करून ठेवू नका, त्यात लोळायला त्यांना फार आवडतं. सोसायटीचं गार्डन असेल तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदल्या दिवशी मेसेज टाका आणि गेटवर कागद लावा, आणि कॉलनीतल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही त्या दिवशी आत येऊ देऊ नका, ती कोणाची नाहीत म्हणून त्यांचा जीव स्वस्त होत नाही.

मीठ, व्हिनेगर, चुना हे "घरगुती आहे म्हणजे सेफ" समजणं

मीठ टाकलं की तण मरतं हे खरं आहे, पण सोबत लॉनही मरतं आणि आपल्या काळ्या मातीत, जिथे पाण्याचा निचरा आधीच कमी, ते मीठ लवकर धुऊन जात नाही, माती बसते आणि पुढे तिथे काहीच नीट येत नाही. शिवाय कुत्र्याने खारट माती चाटली किंवा ते पाणी प्यायला तर उलट्या आणि जास्त झालं तर झटके येऊ शकतात. कळीचा चुना ओल्या पंजांना भाजतो. किचनमधल्या व्हिनेगरने फक्त वरची पानं जळतात, मुळाला धक्का लागत नाही, आठवड्यात तण परत हजर. घरगुती उपायांत मला खरंच पटलेलं एकच, फरशीच्या किंवा पेव्हरच्या फटीतल्या तणावर उकळतं पाणी. तेही कुत्र्याला आत बांधून आणि जमीन गार झाल्यावरच त्याला सोडून.

एरंडीची पेंड

हे तणनाशक नाही पण लॉन दाट करायला म्हणून नर्सरीत हमखास हातात देतात, आणि यावर कोणी फारसं बोलत नाही म्हणून जरा थांबून सांगते. एरंडीच्या बीमध्ये रायसिन नावाचं जबरदस्त विष असतं, तेल काढताना ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. आणि दुर्दैव असं की कुत्र्यांना तो वास फार आवडतो, मातीत मिसळलेली पेंडसुद्धा ते उकरून खातात. लक्षणं लगेच दिसतीलच असं नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या, रक्ताचे जुलाब, एकदम मलूल होणं. मिक्स खताच्या पिशवीवर "ऑरगॅनिक" लिहिलेलं असतं आणि आत एरंडी पेंड असते, त्यामुळे विचारून घ्या आणि खात्री नसेल तर घेऊच नका. गांडूळखत किंवा निंबोळी पेंड त्यापेक्षा कितीतरी बरी. हाडांचा चुराही टाळा, तो खाण्यासाठी कुत्रा अख्खं लॉन खणतो आणि पोट बिघडवून घेतो. आणि हुमणीसाठी, म्हणजे मुळं खाणाऱ्या मातीतल्या अळीसाठी, कोणी "थिमेट" हे कीटकनाशक टाका म्हटलं तर सरळ नाही म्हणा, त्यातल्या फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, तरी जुनं नाव लोकांच्या तोंडून जात नाही.

तण येतं कुठून हे न बघता नुसतं मारत राहणं

लॉन अगदी जमिनीलगत कापलं तर ऊन थेट मातीवर पडतं आणि खाली पडून असलेलं तणाचं बी जागं होतं. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, दाट गवत हेच सगळ्यात चांगलं तणनाशक आहे आणि ते कुत्र्याला काही करत नाही. दुसरं, अर्धवट कुजलेलं शेणखत, त्यात बी जिवंत असतं, आपण पैसे देऊन तण आणतो. तिसरं, रोज रात्री पाणी मारणं, सतत ओली जमीन नागरमोथ्याला फार मानवते.

गोल पिवळे डाग पडून त्यात दुधी आणि एकदांडी उगवत असेल तर ते बहुतेक कुत्र्याच्या लघवीचे आहेत, त्यातल्या नायट्रोजनने गवत जळतं आणि रिकाम्या जागेत तण घुसतं. त्याला रागावून उपयोग नाही, त्याने लघवी केली की लगेच त्या जागी मगभर पाणी ओता, आणि कोपऱ्यात वाळू किंवा बजरी टाकून त्याला तिथेच जायची सवय लावा. कुंपणालगत त्याच्या रोजच्या फेऱ्यांची पायवाट पडली असेल तर तिथे गवत लावायचा हट्ट सोडा आणि सरळ फरशा टाका.

उपटलं तरी परत येतं, काहून?

नागरमोथा असेल तर वरून ओढल्यावर पातं हातात येतं आणि खालचा कंद जागेवर राहतो. पावसाने माती मऊ झाली की खुरप्याने किंवा लांब पात्याच्या खुरपीने कंदासकट काढा, आणि दोन-अडीच आठवड्यांनी परत, नवीन फुटवा नवे कंद धरायच्या आधी. चिकाटीचं काम आहे, पण होतं. गाजर गवत मात्र फुलायच्या आधीच, हातमोजे घालून, मुळासकट, कारण एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्याच्या संपर्काने माणसाला अंगावर खाज-पुरळ उठते. त्याची पानं कुरतडणारे पट्टेदार मेक्सिकन भुंगे दिसले तर त्यांना मारू नका, ते 1984 मध्ये मुद्दाम याच कामासाठी भारतात सोडले गेले. कुंपणाकडे धोतरा असेल तर तोही काढा, तो पूर्ण झाडच विषारी आहे.

तण काढलंच नाही तर? तोही पर्याय नाही. वाढलेल्या गवतात गोचीड होतात आणि पाऊस संपता संपता कुसळं तयार होतात, ती बोटांच्या मधून आणि कानातून आत घुसतात. कुत्रा सारखं डोकं झटकत असेल किंवा एकच पंजा चाटत असेल तर आधी तिथे बघा.

शंका आली तर

लाळ गळणं, उलट्या, लडखडणं, पाय ताठ होणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. हातमोजे घालून साध्या साबणाने अंग आणि पंजे धुवा, त्याला चाटू देऊ नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, दूध पाजू नका, दोन्हीने त्रास वाढू शकतो. डब्याचा किंवा लेबलचा फोटो काढून डॉक्टरकडे निघा. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजचं पशु चिकित्सालय आहे, पण कोणत्या वेळी कोण उपलब्ध असतं हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

लॉन नव्याने लावायचंच असेल तर आपल्या उन्हाचा उपयोग करून घ्या. मे महिन्याच्या सुरुवातीला जमीन चांगली भिजवा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, काळं नाही, घट्ट अंथरा आणि कडा मातीत दाबून टाका. चार ते सहा आठवड्यांत, नवतपा म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस त्यातच येतात, वरच्या थरातलं बरंचसं बी भाजून निघतं. नागरमोथ्याचे कंद मात्र याने पूर्ण मरत नाहीत, ते आधीच खणून काढा. कुत्र्याच्या नखांनी प्लास्टिक फाटलं की आतली गरमी जाते म्हणून भोवती जाळी लावा, आणि प्लास्टिक काढल्यावर माती खोल उकरू नका, खालचं बी वर येईल, वरवर हलवून लगेच गवत लावून टाका.