चेंगदूत नवीन आलात? मग ह्वाशीबद्दल हे ऐका

आधी कागदपत्रं. होस्टेल सोडून बाहेर भाड्याने राहणार असाल तर २४ तासांच्या आत पोलीस ठाण्यात नोंद करा. वीचॅट, अलीपे ही पैसे भरायची अ‍ॅप सुरू करून घ्या. बाकीचं हळूहळू जमतं.

मग ह्वाशीच्या, म्हणजे सिचुआन विद्यापीठाच्या वैद्यकीय भागाच्या, आवारात एक चक्कर मारा. चिनी छपरांच्या जुन्या इमारती आणि घंटाघर बघून मिरजेकडच्यांना मिशनचं वॉनलेस हॉस्पिटल आठवेल. ह्वाशी १९१० साली अमेरिकन, कॅनेडियन आणि ब्रिटिश प्रोटेस्टंट मिशननी मिळून उभारलं. त्यात मेथडिस्ट होते, बाप्टिस्ट होते, क्वेकरसुद्धा!

ही मंडळी इथे सुखात नांदली असं मात्र नाही. १८९५ च्या दंगलीत चेंगदूमधली मिशनची घरंदारं, दवाखाने उद्ध्वस्त झाले. लोक परत आले, पुन्हा बांधलं. १९२७ मध्ये नानजिंगला परदेशी मारले गेले, तेव्हा आतल्या प्रांतांतून बहुतेकांना बाहेर पडावं लागलं. १९३७ नंतर गंमतच झाली, सगळा ओघ उलटा इकडे वळला. जपानी फौजा पुढे सरकल्या तशी नानजिंग विद्यापीठ, जिनलिंग महिला कॉलेज, शांदोंगचं चीलू ही मिशनची कॉलेजं गाशा गुंडाळून याच आवारात आली. वर्ग, प्रयोगशाळा वाटून घ्यायच्या, विमानहल्ल्याचा भोंगा झाला की पळायचं आणि महागाई अशी की हाती पडलेला पगार लगेच खर्चून टाकलेला बरा.

जपान्यांच्या ताब्यातल्या भागात जे राहिले त्यांचे हाल वेगळे. १९४३ पासून अनेकांना शांदोंगमधल्या वेइशियनच्या छावणीत कोंडलं. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता धावपटू आणि मिशनरी एरिक लिडेल तिथेच फेब्रुवारी १९४५ मध्ये गेला, सुटकेच्या सहा महिने आधी.

कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकेचा पैसा अडकला, मिशनऱ्यांवर हेरगिरीचे आरोप झाले. १९५२ संपेपर्यंत बहुतेक सगळे गेले होते. चर्चचा कारभार, खर्च आणि प्रचार चिनी लोकांनीच करायचा, परदेशी हात नको, हे धोरण तेव्हाचं, आणि ते आजही लागू आहे.

म्हणून आपल्यातल्या ख्रिस्ती मुलांना स्पष्ट सांगतो: नोंदणी असलेल्या चर्चमध्ये रविवारी खुशाल जा, उपासना चिनीत असते. पण चिनी वर्गमित्राला पत्रकं देणं, खोलीवर बोलावून बायबल शिकवणं नको. तो कायद्याचा भंग ठरतो. आणि मिशनऱ्यांचा विषय निघाला तर वाद घालू नका. पुस्तकात त्यांना साम्राज्यवादाचे हस्तक म्हणतात, हॉस्पिटलमधले जुने डॉक्टर आदराने बोलतात. माझ्या मते दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.