केमोच्या दिवसांत झाडपाल्याचे औषध: घरच्यांनी काय सांभाळावे

परळच्या किंवा डेरवणच्या रुग्णालयातून कर्करोगावरच्या केमोचा पहिला डोस घेऊन माणूस गावी परततो, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. कोणी गुळवेलीचा तुकडा आणतो, कोणी लक्ष्मणफळाची पाने आणतो, तर कोणी घाटावरच्या एखाद्या वैदूचा पत्ता चिठ्ठीवर लिहून देतो. त्यामागची माया खरीच असते, त्यामुळे तोंडावर नाही म्हणणे कठीण जाते. मात्र आलेली वस्तू घेणे आणि ती रुग्णाला देणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात.

झाडपाला विरुद्ध डॉक्टरांचे औषध असा वाद घरात सुरू झाला, तर सलाईनमधून जाणारे औषधही बऱ्याचदा झाडातूनच आलेले असते, हे आधी सांगावे. अंगणातल्या सदाफुलीत व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही केमोची औषधे सापडली. 1950च्या दशकात कॅनडातले संशोधक या झुडपात मधुमेहावरचा उपाय शोधत होते. उंदरांची साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या, आणि त्यातून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे पुढे आली. पॅसिफिक यू या अमेरिकन वृक्षाच्या सालीतले पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध शोधणाऱ्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी मनसुख वाणी हे मूळचे नंदुरबारचे. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे रसायन असते, ज्यापासून टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन ही केमोची औषधे तयार होतात. याच कारणाने नरक्याची चोरटी तोड होते, हे सिंधुदुर्गातल्या जंगलाकाठच्या लोकांना वेगळे सांगायला नको.

मग सदाफुलीची पाने उकळून का देऊ नयेत? या झाडात शंभराहून अधिक वेगवेगळी अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करू शकणारी रसायने, असतात आणि व्हिन्क्रिस्टिन त्यांत इतके अल्प असते की एक ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पाने लागतात. रुग्णालयात हेच औषध शरीराच्या आकारमानानुसार मिलिग्रॅममध्ये मोजून फक्त शिरेतून दिले जाते, आणि तरीही बोटांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होतो. पेलाभर काढ्यात नेमके काय आणि किती उतरले, हे मोजण्याचे साधन घरात नसते.

यासाठी एक साधी वही करावी. रुग्ण काय घेतो, कधीपासून घेतो, रोज किती आणि कोणाच्या सांगण्यावरून घेतो, हे तिच्यात लिहावे; चूर्णाची पुडी, गोळ्यांची बाटली, वनस्पती ताजी असेल तर फांदीचा फोटोही जपून ठेवावा. स्थानिक नावांवर विसंबू नये, कारण एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असू शकते. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने ती वनस्पती गुळवेलच होती का, असा प्रश्न उपस्थित केला होता. माझ्या मते वही ठेवण्याचे याहून चांगले कारण नाही.

डॉक्टरांना ‘आयुर्वेद चालेल का?’ असे मोघम विचारू नये, कारण त्याचे उत्तरही मोघमच मिळते. वही समोर ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात: यातले काही माझ्या केमोच्या औषधाशी भांडते का, माझे यकृत आणि प्लेटलेट यांच्यावर ताण येईल का, आणि घ्यायचेच असेल तर डोसच्या किती दिवस आधी थांबवावे. बहुतेक केमो औषधे यकृत किंवा मूत्रपिंडातून बाहेर पडतात. एखाद्या वनस्पतीने ते काम मंदावले की औषध अंगात साठून विषारी ठरते, आणि त्याचा वेग वाढवला तर डोस वाया जातो. ग्रीन टीचा अर्क बोर्टेझोमिब या कर्करोगावरच्या औषधाचा परिणाम कमी करतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल काहींच्या यकृताला बाधतात. आमटीतली चिमूटभर हळद ही गोष्ट वेगळी, तिला घाबरण्याचे कारण नाही. लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा मी तर सरळ नाकारीन, कारण त्यातले अ‍ॅनोनासिन हे रसायन मेंदूतल्या चेतापेशींना घातक ठरू शकते आणि माणसांच्या कर्करोगावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

पांढऱ्या पेशी उतरलेल्या काळात कच्चा रस, मग तो गव्हांकुराचा असो की कोरफडीचा, टाळावा. त्यातले जंतू निरोगी माणसाला जाणवतही नाहीत, या रुग्णाला मात्र ते आजारी पाडतात. आल्याचा तुकडा घालून उकळलेले पाणी मळमळीला काहींना बरे वाटते. तोंड आलेले असेल तर आमसुलाचे सार, सोलकढी काही दिवस बाजूला ठेवावी, ती झोंबते.

वैद्याकडे जायचेच असेल तर नोंदणीकृत वैद्याकडे, केमोची फाईल बरोबर घेऊन जावे. पुडीतल्या घटकांची नावे सांगायला नकार देणारा माणूस किंवा केमो बंद करा म्हणणारा माणूस, यांच्याकडून उठून यावे. भस्मे आणि रसौषधी यांत पारा किंवा शिसे असू शकते, म्हणून ती कर्करोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954च्या कायद्याने बंदी आहे. तरीही त्या मोबाईलवर येत राहतात.

घरात थर्मामीटर हवाच. ताप 100.4 फॅरनहाइटला पोहोचला तर मध्यरात्र असली, पाऊस असला, तरी तुळशीच्या काढ्याने तो उतरेल म्हणून सकाळची वाट पाहू नये. रुग्णालयाला फोन करून निघावे, गाडीची सोय आधीच कोणाकडे तरी सांगून ठेवावी, आणि पोहोचल्यावर शेवटचा डोस कधी झाला, कोणत्या औषधाचा झाला, हे सांगून ती वही डॉक्टरांच्या हातात द्यावी.