घरच्या सर्व्हरसाठी डिस्क निवडताना
मुंबईत संगणकाच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेल्या लॅमिंग्टन रोडवर खरेदीला जाण्यापूर्वी लागणाऱ्या जागेचा अंदाज घ्यावा आणि प्रत्येकी त्याच्या साधारण दुप्पट क्षमतेच्या दोन हार्ड डिस्क रेड १ पद्धतीने (दोन्हींवर एकच माहिती लिहिली जाईल अशा) जोडाव्यात, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरीवर माहिती शाबूत राहते. डिस्क सीएमआर प्रकारचीच, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढणारी, असावी. पट्टे एकमेकांवर अंशतः चढलेल्या एसएमआर डिस्कवर जुन्या जागी नवे लिहिताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात, त्यामुळे बिघडलेली डिस्क बदलल्यावर नवी भरून निघण्यास फार वेळ लागतो. दुकानदार हा फरक आपणहून सांगेलच असे नाही, म्हणून मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या माहितीपत्रकात पडताळावा. कार्यप्रणालीसाठी लहान एसएसडी पुरे. चुकून पुसलेली फाइल मात्र रेड परत देत नाही. त्यासाठी स्वतंत्र प्रत बाह्य डिस्कवर काढून, शक्यतो दुसऱ्या घरी, ठेवावी.