थ्रिलरची ओपनिंग फसते कुठे? प्रेक्षक ठरवताना होणाऱ्या या चुका टाळा

"आमचा टार्गेट ऑडियन्स १५ ते ४५ वयोगट." थ्रिलरची ओपनिंग, म्हणजे फिल्मची अगदी सुरुवातीची दृश्यं, दाखवायला येणाऱ्या बहुतेक टीमकडून मी हे वाक्य ऐकते, आणि गाडं अडतं ते इथेच. पंधरा वर्षांच्या मुलाला ज्याने धडकी भरते, त्याने पंचेचाळिशीतल्या बाईच्या अंगावर काटाही येत नाही. वयोगट अर्जात भरायला ठीक आहे. ओपनिंग लिहायला बसल्यावर वेगळं विचारावं लागतं : हा माणूस रात्री दिवा मालवल्यावर कशाला घाबरतो?

आमच्या एका शॉर्ट फिल्मचा प्रेक्षक होता पहिल्यांदाच घर सोडून एकटे राहणारे तरुण. मुलगी खोलीत येते, कडी लावते, बॅग फेकते, बाथरूममध्ये जाते. टूथब्रश उचलते आणि थबकते. ब्रश ओला आहे. दिवसभर ती बाहेर होती. बस्स. ना रक्त, ना संवाद, ना किंकाळी. एकट्या राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. तो त्या रात्री स्वतःचा ब्रशही चाचपून बघतो.

हीच ओपनिंग तरुण मुलांच्या आईवडिलांसाठी करायची असती, तर मी ब्रश काढून टाकला असता. आई मुलाला फोन लावते. तो कालच मित्रांबरोबर ट्रिपला गेलाय. रिंग मात्र घरातच वाजते, बंद कपाटातून. दोन्हीकडे मामला धोक्याचाच आहे, पण एका प्रेक्षकाची भीती स्वतःसाठी आहे आणि दुसऱ्याची आपल्या माणसासाठी. म्हणून स्क्रिप्टआधी तुमच्या प्रेक्षकातल्या एका माणसाचा दिवस कागदावर लिहा. तो कुणाबरोबर राहतो, घरी त्याची वाट कोण बघतं, झोपण्यापूर्वी तो काय तपासतो. ओपनिंग बहुधा त्या कागदावरच सापडते.

हुडी, चाकू आणि लाल दोरा

हुडीतला पाठमोरा माणूस, चाकूची चमकणारी धार, जंगलात धावणारे पाय, भिंतीवरचे फोटो आणि त्यांना जोडणारा लाल दोरा. थ्रिलर नेमाने बघणाऱ्याने हे इतक्यांदा पाहिलंय की दहाव्या सेकंदाला तो तुमच्या पुढे गेलेला असतो. तरीही सगळी चिन्हं फेकून देऊ नका. आपण थ्रिलर बघतोय हे प्रेक्षकाला ओळखू यायला हवं, नाहीतर तो कौटुंबिक कथेच्या तयारीने बसतो. एक ओळखीचं चिन्ह ठेवा आणि त्याचा अर्थ फिरवा. हुडी हवीच असेल, तर घाबरलेला माणूस हुडीतला असू द्या.

सगळंच लपवणं

नवख्या टीमची ही सर्वांत महागात पडणारी चूक. चेहरा दिसत नाही, जागा कळत नाही, काय चाललंय याचा पत्ता नाही, आणि टीमला वाटतं की उत्कंठा वाढतेय. प्रत्यक्षात प्रेक्षक गोंधळलेला असतो. थ्रिलरसाठी गाजलेले दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफो यांच्याशी झालेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. माणसं टेबलाशी साध्या गप्पा मारताहेत आणि खाली बॉम्ब आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक १५ सेकंद दचकतो. तो आधीच दाखवला तर तेच साधं बोलणं १५ मिनिटं श्वास रोखून ऐकतो.

याचा धडा घ्यायचा तर ऑर्सन वेल्स यांच्या 'टच ऑफ इव्हिल' (१९५८) या चित्रपटाचा पहिला शॉट बघा. टायमर लावलेला बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवला जातो, गाडी गर्दीतून निघते आणि कॅमेरा तीन मिनिटांहून जास्त वेळ कट होत नाही. आपल्याला माहीत आहे, गाडीत बसलेल्यांना नाही. प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत स्टुडिओने याच शॉटवर टायटल्स आणि पार्श्वसंगीत चढवलं होतं. वेल्स यांच्या टिपणाच्या आधारे १९९८ मध्ये पुन्हा संकलित झालेल्या आवृत्तीत टायटल्स तिथून काढली आणि रस्त्यावरचे आवाज ऐकू येऊ दिले. दोन्ही एकापाठोपाठ बघा. पहिलीत डोळे अक्षरं वाचत राहतात आणि गाडी नजरेआड होते. तुमची टायटल्सही जिथे काही हेरायचं नाही अशाच शॉटवर टाका. ओल्या ब्रशवर कलाकाराचं नाव नको.

हिंसेबद्दल थोडक्यात. किशोरवयीन प्रेक्षक हवा असेल, तर पहिल्याच मिनिटातल्या रक्तपातामुळे फिल्मला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळू शकतं आणि तुमचाच प्रेक्षक दाराबाहेर राहतो.

तुमचा लॅपटॉप, त्यांचा फोन

एडिट अंधाऱ्या खोलीत, चांगले हेडफोन लावून होतो. प्रेक्षक मात्र बसमध्ये, उजेडात, फोनच्या छोट्या स्पीकरवर बघतो. तुम्ही जीव ओतून केलेली खोल घरघर तिथे पोहोचतच नाही. २०० हर्ट्झच्या खालचे, म्हणजे खर्जातले आवाज अशा स्पीकरमधून जवळपास गायब होतात. घरघरीबरोबर एखादा वरच्या पट्टीतला आवाजही ठेवा : बिजागरीची कुरकुर, नळाचं ठिबकणं. अंधाराचंही तेच. एक्स्पोजर (चित्रातला उजेड) खाली ओढून केलेला अंधार फोनवर नुसता करडा चिखल दिसतो. चेहऱ्याच्या एका बाजूला दिवा द्या आणि मागची भिंत काळी राहू द्या. मग टीममधल्या सर्वांत साध्या फोनवर, दुपारच्या उजेडात एकदा बघा.

"आवडलं का?"

हे विचारूच नका. समोरचा भिडेखातर हो म्हणतो. तुमच्या प्रेक्षकातले पाच-सहा जण जमवा, टीमच्या घरचे नकोत, आणि चाळिसाव्या सेकंदाला फिल्म थांबवून विचारा, "आता काय होईल?" "काय माहीत" असं उत्तर आलं तर तुम्ही फार लपवलंय. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तर पुढचं सगळं उघड आहे. दोन वेगळे अंदाज निघाले आणि आपसात वाद जुंपला, तर ओपनिंग जमली.

फिल्म चालू असताना पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघा. कुणाचा हात फोनकडे गेला तर सेकंद टिपून घ्या आणि त्याच्या आधीचे शॉट तपासा. आमच्या फिल्ममध्ये २६व्या सेकंदाला, म्हणजे नेमका ब्रश उचलताना, तिघांची मान खाली गेली होती. आम्ही दोन दिवस ब्रशचाच क्लोजअप बदलत बसलो. दोष होता त्याआधीच्या बॅग फेकण्याच्या शॉटमध्ये. तो सात सेकंद रेंगाळत होता. दोन सेकंदांवर आणला, आणि पुढच्या वेळी ब्रशपाशी कुणीच मान खाली घातली नाही.