गाडीलाही वाट दाखवणारं आणि डब्यापर्यंतही नेणारं नेव्हिगेशन यंत्र कसं निवडायचं

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवून ठेवलेला डबा जीपीएसवर अक्षांश-रेखांश टाकून शोधून काढण्याचा छंद. त्यातला प्रवास दोन तुकड्यांत होतो. कोल्हापुरातून पन्हाळ्यापर्यंतचे वीसेक किलोमीटर डांबरीवरून, आणि गाडी लावल्यावर तटाच्या बाजूला कुठेतरी ठेवलेल्या डब्यापर्यंतचे शेवटचे दोनशे-तीनशे मीटर पायवाटेने. गाडीसाठी बनवलेलं यंत्र पहिल्या तुकड्यात चोख असतं. पण तिथे जे त्याचे गुण, तेच दुसऱ्या तुकड्यात आडवे येतात. म्हणून दुकानात पडदा किती मोठा, आवाज किती स्पष्ट हे पाहण्याआधी शेवटच्या दोनशे मीटरांत यंत्र काय करेल ते विचारा.

पहिली अडचण रस्त्याला चिकटण्याची. उघड्या आभाळाखाली साध्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर असते, दाट झाडीत किंवा कड्याच्या पायथ्याशी ती दहा-पंधरा मीटरवर जाते. गाडीचं यंत्र ही चूक लपवतं. तुम्ही रस्त्यावरच आहात असं गृहीत धरून ते तुमचा बाण जवळच्या रस्त्यावर ओढून ठेवतं. गाडी चालवताना हे हवंच. पण तुम्ही रस्ता सोडून वीस मीटर झुडपात शिरलात तरी पडद्यावर रस्त्यातच उभे दिसता. यावर उपाय म्हणजे सेटिंगमधला ‘ऑफ रोड’ किंवा ‘सरळ रेषा’ हा पर्याय. गार्मिन कंपनीच्या नुवी या गाडीच्या यंत्रांच्या मालिकेत तो नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये, जलद मार्ग आणि कमी अंतर या पर्यायांशेजारी मिळतो. सगळ्या मॉडेलांत तो नसतो. पैसे मोजण्याआधी मेनू उघडून स्वतः बघा. तो नसेल तर ते यंत्र फक्त गाडीचं.

याच सवयीचा दुसरा फटका गडांवर बसतो. डब्याचा बिंदू दिला की यंत्र त्याला हवाई अंतराने सर्वात जवळचा रस्ता शोधतं. तो रस्ता कड्याच्या खालून गेलेला असला तर यंत्र तुम्हाला गडाच्या पायथ्याशी नेऊन ‘पोहोचलात’ म्हणतं, आणि डबा असतो वर. यासाठी डब्याच्या माहितीत पार्किंगचा बिंदू वेगळा दिला असेल तर तोही यंत्रात भरा. गाडी पार्किंगच्या बिंदूकडे न्या, तिथून पुढे सरळ रेषेवर चाला.

दुसरी अडचण दिशेची. गाडीच्या यंत्रात चुंबकीय होकायंत्र बहुधा नसतं. तुम्ही कुठून कुठे सरकलात यावरून ते दिशा काढतं, त्यामुळे उभे राहिलात की बाण भिरभिरतो. दहा-पंधरा पावलं सरळ चालायची आणि चालता चालताच बाण बघायचा, एवढाच उपाय. हातातल्या यंत्रांतही फरक असतो: गार्मिनच्या ईट्रेक्स 32एक्समध्ये होकायंत्र आहे, 22एक्समध्ये नाही. दिसायला दोन्ही सारखीच असल्याने पुठ्ठ्यावरचा आकडा नीट वाचा.

बॅटरी आणि पाण्याचा विचार आपल्याकडे आधी करावा लागतो. गाडीच्या यंत्राची आतली बॅटरी बऱ्याचदा जेमतेम तासभर चालते, कारण ते लायटर सॉकेटवर चालवण्यासाठी बनवलेलं असतं. ईट्रेक्स दोन एए सेलवर सुमारे पंचवीस तास चालतं, आणि सेल गावच्या किराणा दुकानातही मिळतात. पाण्यासाठी आयपीएक्स7 ही खूण शोधा. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी यंत्र टिकतं, असा तिचा अर्थ. गगनबावड्याच्या पावसात याहून कमी चालत नाही.

आता अक्षांश-रेखांश. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून बघू. जिओकॅशिंगमध्ये बिंदू अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, आणि हे आकडे ज्या चौकटीत मोजतात ती संदर्भप्रणाली डब्ल्यूजीएस84 असते. कोल्हापूर शहरातला एक बिंदू असा दिसेल: उत्तर 16° 42.300', पूर्व 74° 14.600'. गाडीची यंत्रं आणि फोनवरचे नकाशे मात्र बऱ्याचदा दशांश अंश मागतात. तिथे नुसतं 16.42300 आणि 74.14600 टाकलं, तर यंत्र तुम्हाला सुमारे 31 किलोमीटर दक्षिणेला आणि 10 किलोमीटर पश्चिमेला नेतं. बरोबर आकडा काढायला मिनिटांना साठने भागा: 42.300 भागिले 60 म्हणजे 0.705, म्हणून 16.70500. रेखांशही तसाच, 74.24333. दुसरी चूक म्हणजे 42.300 ला ‘42 मिनिटं 30 सेकंद’ समजणं. यात सुमारे 370 मीटरचा फरक पडतो. ही चूक जास्त वाईट, कारण तुम्ही जवळपासच पोहोचता आणि डबा नाही म्हणून तासभर तिथेच शोधत बसता. यंत्राच्या सेटिंगमध्ये अंश-दशांश मिनिटं निवडता येतात का, आणि मिनिटांनंतर तीन आकडे दिसतात का, हे दोन्ही तपासा. तिसऱ्या आकड्याचं एक घर म्हणजे 1.85 मीटर. दोनच आकडे दाखवणारं यंत्र साडेअठरा मीटरच्या घरात तुम्हाला फिरवत राहील.

हा छंद अचूकतेमुळेच जन्माला आला. मे 2000च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि 3 मेला ऑरेगॉन राज्यात पहिला डबा ठेवला गेला.

शंभर बिंदू हाताने भरणं अशक्य, म्हणून जीपीएक्स फाइल, म्हणजे बिंदू आणि त्यांची माहिती एकत्र साठवणारी फाइल, यंत्राला थेट घेता आली पाहिजे. नाव, खुणेचा इशारा, आधी आलेल्यांच्या नोंदी हे सगळं त्यात येतं. काही गाडीची यंत्रं बिंदू घेतात पण वर्णन टाकून देतात. मग डबा केवढा आणि कशाखाली, हे कळत नाही. विकत घेण्याआधी एक जीपीएक्स फाइल पेनड्राइव्हवर नेऊन चढवून बघा.

मग घ्यायचं काय? एकाच यंत्रात दोन्ही हवं असेल तर गार्मिन मॉन्टाना 700 विचारात घ्या. पाच इंची पडदा, होकायंत्र, आणि स्पीकर असलेल्या गाडीच्या स्टँडवर बसवलं की बोलून वळणं सांगतं. स्टँड वेगळा घ्यावा लागतो, भारताचा रस्त्यांचा नकाशा आत आहे का ते विचारावं लागतं, आणि वजन चारशे ग्रॅमच्या आसपास आहे. इथे एक इशारा फार महत्त्वाचा: 700आय आणि 750आय ही मॉडेलं घेऊ नका. त्यांत इनरीच हे उपग्रह-संदेशाचं उपकरण आहे, आणि परवान्याशिवाय ते बाळगणं भारतात बेकायदा आहे. परदेशातून कोणी आणून दिलं तरी ‘आय’ लावलेलं नको.

स्वस्तात हवं तर 2008चं नुवी 500 जुन्या बाजारात शोधा. गाडीचं यंत्र असूनही ते पाण्यात टिकतं, बॅटरी बदलता येते, पायी चालण्यासाठी वेगळा मोड आहे आणि ते जिओकॅशिंगच्या फाइल वाचतं. त्यात भारताचा नकाशा नसेल तर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशाची गार्मिनसाठीची आवृत्ती मेमरी कार्डावरच्या ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये ठेवावी लागते. नावं रोमन लिपीतली निवडा. अशा जुन्या यंत्रांना देवनागरी दाखवता येत नाही.

बहुतेकांना मात्र आमचा सल्ला वेगळाच राहील. गाडीत ऑफलाइन नकाशे उतरवलेला फोन आणि पायी चालायला ईट्रेक्स, ही जोडी जास्त भरवशाची. एक बंद पडलं तरी दुसरं हातात राहतं. अँड्रॉइड फोनवर सी:जिओ हे ॲप डब्यांची माहिती रेंज असतानाच साठवून ठेवतं. दाजीपूरच्या बाजूला जायचं असेल तर हे काम घरीच उरकावं. डॅशबोर्डात बसवलेली मोठ्या पडद्याची सिस्टीम या कामाची नाही, ती काढून बरोबर नेता येत नाही.

जुनं यंत्र घेताना तारीख बघा. 6 एप्रिल 2019 रोजी जीपीएसची आठवड्यांची मोजणी शून्यावर आली, आणि तेव्हापासून अपडेट न मिळालेली काही यंत्रं वर्षानुवर्षं मागची तारीख दाखवतात. त्यानंतर रंकाळ्याच्या काठावर उघड्या जागी ते वीस मिनिटं चालू ठेवा. उपग्रहांची पूर्ण माहिती उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, म्हणून दुकानाच्या छपराखाली ‘सिग्नल येत नाही’ म्हणून यंत्र परत करू नका. एक बिंदू साठवा, दोनशे मीटर दूर जा, सरळ रेषेच्या पर्यायावर परत या. साठवलेल्या जागेपासून दहा मीटरच्या आत आलात तर यंत्र ठीक.

वायरचंही बघा. नुवीला साधी डेटा वायर लावून गाडीच्या चार्जरवर जोडलं, तर ते स्वतःला संगणकाशी जोडलेलं समजतं आणि नकाशा बंद करून संगणकाचं चित्र दाखवत बसतं. गाडीच्या मूळ वायरीच्या पिनेची जोडणी वेगळी असते, म्हणून तीच मागून घ्या.

पावसाळ्यात यंत्राने सुचवलेला जवळचा रस्ता कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून जात असेल तर तो वगळा. नकाशात तो बारमाही रस्ता दिसतो, प्रत्यक्षात नदीला पाणी वाढलं की बंधारा बुडतो. आणि गाडीतून उतरल्यावर पहिलं काम म्हणजे गाडीची जागा साठवणं. जुलैत मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरची गाडी दिसत नाही, आणि सगळीकडे सारखंच गवत असतं.