चक्का घालून केलेला हापूसचा चीजकेक

मे महिन्यात आंब्याची पेटी उघडली की आमच्याकडे पहिल्या दिवशी आमरस आणि रविवारी आम्रखंड, हे ठरलेलं. लेकीचा वाढदिवसही मे महिन्यातच येतो आणि तिला चीजकेक हवा असतो. नुसत्या क्रीम चीजचा केक मी दोनदा केला. छान झाला, पण हापूस त्यात दबून गेला. क्रीम चीज जड, शिवाय थोडं खारट. मग वाटलं, आम्रखंडात आंबा इतका खुलतो तो चक्क्याच्या आंबटपणामुळे, तर तोच इथे का नको? शेवटी क्रीम चीज काय आणि चक्का काय, दोन्हीकडे दूध आंबवायचं आणि पाणी काढून टाकायचं.

या केकची सगळी मदार पाणी काढण्यावर आहे. फुल क्रीम दुधाचं 1 किलो दही जाड सुती फडक्यात बांधा, पातेल्यावरच्या चाळणीत ठेवून वर वजन द्या आणि रात्रभर फ्रीजमध्येच राहू द्या. उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर सकाळपर्यंत आंबट ढाण होतं. साधारण 400 ग्रॅम चक्का निघतो, आपल्याला 300 लागेल. चमच्यावर घेऊन चमचा उलटा केला तर पडता कामा नये. एकदा घाईत मी चार तासांतच फडकं सोडलं होतं. केक वरून सुंदर दिसला, पण कापल्यावर खालची बिस्किटं लगदा झालेली.

रसाचंही तेच. 250 ग्रॅम हापूसचा रस पसरट कढईत मंद आचेवर ढवळत आटवा, 150 ग्रॅम उरला पाहिजे. उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर उघडा दिसतो, तेव्हा गॅस बंद करा. पूर्ण गार होऊ द्या. डब्यातला रस बहुतेक वेळा साखर घातलेला असतो. तो घेतलात तर खाली दिलेलं कंडेन्स्ड मिल्क 50 ग्रॅमने कमी करा.

तळासाठी 150 ग्रॅम मारी बिस्किटांचा चुरा आणि 70 ग्रॅम वितळलेलं लोणी. 18 सेंमीच्या, तळ सुटा होणाऱ्या टिनमध्ये वाटीच्या बुडाने घट्ट थापून फ्रीजमध्ये ठेवा.

आता चक्का पुरणयंत्रातून काढा, श्रीखंडाला काढतो तसाच. मिक्सर लावू नका, चक्का पातळ होतो. 200 ग्रॅम क्रीम चीज तासभर आधी बाहेर काढून ठेवलेलं हवं. गार असलं की गुठळ्या राहतात आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. त्यात चक्का, 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, आटवलेला रस आणि 2 मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घालून हाताने, व्हिस्कने हळूहळू एकजीव करा. फेटायचं नाही. हवा शिरली की केक ओव्हनमध्ये फुगतो, बाहेर बसतो आणि मधोमध तडकतो. वेलची-केशर घालू नका, हापूसला त्यांची गरज नाही.

ओव्हन 150 अंशांवर तापवा. खालच्या जाळीवर उकळत्या पाण्याचा ट्रे आणि मधल्या जाळीवर केक. माझ्या ओव्हनमध्ये 50 मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा टिन हलवून बघा. कडेची दोन बोटं जागा घट्ट आणि मधला भाग खरवसासारखा थरथरणारा, असं दिसलं की झालं. मध्य कडक होईपर्यंत थांबलात तर केक कोरडा होणार. ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा, तासाभराने केक बाहेर काढा आणि गार झाल्यावर निदान आठ तास फ्रीजमध्ये ठेवा. त्याआधी कापायचा मोह आवरा, तुकडे नीट निघत नाहीत.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, प्रत्येक कापाला. केक फ्रीजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. वरच्या हापूसच्या फोडी मात्र वाढतानाच ठेवा, आदल्या रात्री ठेवल्या तर त्यांना पाणी सुटतं.