काँक्रीट किंवा टाईलवर कार्पेटची ग्रिपर पट्टी हलणार नाही अशी कशी बसवायची

लाकडी जमिनीवर ग्रिपर पट्टी (भिंतीच्या कडेने लावायची, वर पिना असलेली बारीक पट्टी, तिच्यात कार्पेटची कड अडकते) ठोकणं म्हणजे काहीच नाही, खरा वैताग काँक्रीट, कोबा नि टाईलवर येतो. खिळा वाकतो, नाहीतर आत जातो पण भोवतालचा तुकडाच उडतो आणि पट्टी बोटाने हलवली तरी हलते. अशी पट्टी चालत नाही कारण कार्पेट एकदा ताणून अडकवलं की ते तिला सतत खोलीच्या आतल्या बाजूला ओढत राहतं.

म्हणून हातोडा उचलायच्या आधी जमीन बघा. झाडून घ्या आणि कडेकडेने ठोकून आवाज ऐका, पोकळ वाजलं की तिथे खिळा धरणार नाही. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून पावडर निघाली तरी तेच. आणि खालून हीटिंगचे पाईप, वायर असं काही जात असेल तर खिळे आणि ड्रिल दोन्ही विसरा, सरळ चिकटवायचं. जुन्या विनाइल टाईल्स असतील तर त्यात ॲसबेस्टॉस असू शकतं, त्यामुळे तपासून घेतल्याशिवाय ड्रिल किंवा घासाघासी नको.

काँक्रीट चांगलं असेल तर कडक पोलादी खिळे आधीच लावलेली पट्टी मिळते ती घ्या, साध्या खिळ्यांची घेऊ नका. पिनांची टोकं भिंतीकडे झुकलेली हवीत, उलटी लागली तर कार्पेट धरतच नाही. भिंतीपासून फट कार्पेटच्या जाडीपेक्षा थोडी कमी ठेवा, साधारण ५ ते ८ मिमी, म्हणजे कड त्यात दाबून बसते. हातोडा जरा वजनदार घ्या आणि खिळ्यावर सरळ मारा, तिरपा घाव बसला की खिळा तुटून उडतो, म्हणून गॉगल घालाच, यात हयगय नको.

खिळा आत जातच नसेल तर मारत बसू नका, भोक मोठं होण्यापलीकडे काही होत नाही. पट्टी जागेवर धरून हॅमर ड्रिलने पट्टीतूनच भोक पाडा, धूळ नीट काढा (ही राहिली तर पुढचं सगळं फुकट), मग गिट्टी (भोकात बसणारा प्लास्टिकचा प्लग) टाकून स्क्रू आवळा. स्क्रूचं डोकं पिनांच्या वर यायला नको, नाहीतर कार्पेटखालून टोचतं. घाईत असाल तर भोकात लाकडाची बारीक काडी ठोकून त्यात खिळा मारला तरी बऱ्यापैकी धरतो, पण मला स्क्रूच जास्त भरवशाचा वाटतो.

टाईलवर खिळा मारला तर टाईल तडकणार हे धरून चाला. तिथे गोंदच, आणि पांढरा फेव्हिकॉल छापाचा नाही तर कन्स्ट्रक्शन ॲडहेसिव्ह. पट्टीच्या खाली खिळ्यांची टोकं आली असतील तर आधी काढा, पट्टी सपाट टेकली पाहिजे. टाईलची चमक पॉलिश पेपरने घालवा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या. मग पट्टीच्या खाली लांबीभर नागमोडी रेघ सोडा, दाबून थोडी इकडेतिकडे सरकवा आणि वर वजन ठेवा. भुसभुशीत कोब्यावर आधी प्रायमर मारा, नाहीतर गोंद धुळीलाच चिकटतो आणि पट्टी धुळीसकट उचलून हातात येते. कार्पेट लगेच ताणायला घेऊ नका, ट्यूबवर लिहिलेला पूर्ण वेळ जाऊ द्या, बहुतेक गोंदांना २४ तास तरी लागतात.

कोपऱ्यात आणि गोलाईत छोटे तुकडे लागतात, प्रत्येक तुकड्याला निदान दोन खिळे पाहिजेत, एकाच खिळ्यावर तुकडा भोवऱ्यासारखा फिरतो. दारापाशी सगळ्यात जास्त पाय पडतात, तिथे हात राखून काम करू नका, जमलं तर गोंद आणि स्क्रू दोन्ही लावा.

शेवटी जाड हातमोजे घालून प्रत्येक पट्टी आतल्या बाजूला ओढून बघा. जी जराशी जरी हलली ती आत्ताच काढून परत लावा, कार्पेट घातल्यावर तिच्यापर्यंत पोचायचं म्हणजे ताणलेली अख्खी कड सोडवावी लागते.